बोगनवेल : एका वेलीचा आणि तिच्या नांवाचा इतिहास

श्रोतेहो, निलंग्यासारख्या गांवीं चैत्र-वैशाखांत कोणी पाहुणा आला, तर त्याच्या दृष्टीस दोन गोष्टी प्रथम पडतात. एक, उन्हानें भेगाळलेली काळी जमीन. आणि दुसरी, त्याच उन्हांत घरांच्या, शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या कुंपणांवर जांभळ्या, शेंदरी व पांढऱ्या रंगांनीं लवून गेलेली बोगनवेल. विहिरींचें पाणी तळास जातें, परसांतील फुलझाडें माना टाकतात, अशा दिवसांत ही एकटी वेल ऐन भरांत असते. आपल्या डोळ्यांना तिची इतकी संवय झाली आहे कीं, शिवछत्रपतींच्या काळीं किंवा पेशवाईंत ही वेल हिंदुस्थानांत नव्हतीच, असें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटतें.

ह्या वेलीचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु झाडाझुडपांनाही इतिहास असतो, आणि माणसांच्या इतिहासांत जो अन्याय वारंवार घडतो तो त्यांच्याही इतिहासांत घडलेला दिसतो. ज्याचें नांव मोठें, त्याच्याच खात्यावर सर्वांचे श्रम जमा होतात. बोगनवेल ज्याच्या नांवानें ओळखली जाते तो एक फ्रेंच आरमारी सरदार; पण ही वेल त्याच्यामुळें जगाला ठाऊक झाली असें म्हणणें अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें सत्य कोणाचें, तें आपण पाहूं.

आधीं आपल्या घरच्या वेलींची आठवण करूं. जाई, जुई, सायली, मालती, माधवी हीं नांवें आपल्या वाङ्मयांत किती जुनीं आहेत ! कालिदासाच्या शाकुंतलांत नवमालिकेची वेल आम्रवृक्षाला वरते, आणि शकुंतलेनें तिला वनज्योत्स्ना असें लाडकें नांव ठेविलेलें आहे. ज्ञानेश्वरांच्या नांवावर चालत आलेल्या अभंगांत दारचा मोगरा वेल होऊन गगनाला भिडतो. चालुक्य-यादवांच्या काळांतील मंदिरांच्या द्वारशाखांवर शिल्पकारांनीं वेलपत्ती कोरली. अशा ह्या लतांच्या मेळाव्यांत बोगनवेलीचें नांव कोठेंही आढळत नाहीं. तिला संस्कृत नांव नाहीं, तिची ओवी नाहीं, तिचें व्रत नाहीं. आणि सुगंध नसल्यामुळें देवपूजेच्या तबकांतही तिला सहसा जागा मिळत नाहीं. ती अंगणापर्यंत आली, पण देवघरांत गेली नाहीं. ह्याचें कारण एवढेंच कीं, ती फार दूरची आणि फार उशिरां आलेली आहे.

तिचें माहेर दक्षिण अमेरिका. ब्राझील, पेरू आणि त्यांच्या आसपासचे प्रदेश हें तिचें मूळस्थान होय. अमेरिकेंतून आलेली वनस्पति म्हणून तिला परकी मानण्याचें मात्र कारण नाहीं. आपल्या ठेच्यांतील मिरची अमेरिकेची, पेरू आणि सीताफळ अमेरिकेचें, आणि दसऱ्याच्या तोरणांत ज्याच्यावांचून चालत नाहीं तो झेंडूही तिकडलाच. पण ह्यांपैकीं बहुतेक मंडळी पोर्तुगीज गलबतांच्या काळांत येथें आली आणि तीन-चारशें वर्षांत आपल्या घरचीं माणसें झाली. बोगनवेल त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, निराळ्या वाटेनें आली.

तिच्या प्रवासास निघण्यापूर्वीं तिची शरीररचना ध्यानांत घेतली पाहिजे, कारण तींत एक गंमत आहे. आपण जिला बोगनवेलीचें फूल म्हणतों तें फूल नव्हे. तीं रंगीत, कागदासारखीं पातळ दिसतात तीं पानेंच होत. फुलाच्या देंठापाशीं असणाऱ्या अशा पानाला वनस्पतिशास्त्रांत छद म्हणतात. तीन छदांचा एक झुबका असतो, आणि प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला चिकटून एक एक बारीक, नळीसारखें, पांढुरकें फूल असतें. तेंच खरें फूल. लांबून पाहणारास तें दिसतच नाहीं. झुबका हातांत घेऊन निरखून पाहिला तरच सांपडतें. छदांना हा जो जांभळा-लाल रंग येतो तो बीटाच्या कंदांतील रंगद्रव्याच्या जातीचा आहे. गुलाब किंवा जास्वंदीचा रंग निराळ्या द्रव्याचा असतो.

तिचें कूळही आपणांस अगदीं अपरिचित नाहीं. सायंकाळीं उमलणारी गुलबक्षी ही तिची नात्यांतली, आणि पहिल्या पावसाबरोबर बांधावर उगवणारी, भाजीला व औषधाला उपयोगी पडणारी पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, हीही त्याच कुळांतली. म्हणजे बोगनवेल येथें आली तेव्हां तिचे भाऊबंद आधींच आपल्या शेताच्या बांधावर बसलेले होते !

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. काळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. आपल्या भागांत ३ फेब्रुवारी १७६० रोजीं उदगीर येथें सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला, आणि पुढल्याच वर्षीं पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. त्याच सुमारास युरोपांत, अमेरिकेंत आणि हिंदुस्थानांतही इंग्रज व फ्रेंच ह्यांचें सप्तवार्षिक युद्ध चाललें होतें. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें फ्रान्सची कॅनडा वगैरे मुलुखावरील सत्ता गेली. तेव्हां गेलेली प्रतिष्ठा नव्या शोधांनीं परत मिळवावी, ह्या हेतूनें फ्रेंच सरकारनें पृथ्वीप्रदक्षिणेची एक मोहीम काढली. तिचा नायक लुई आंत्वान द बुगँव्हिल हा होता.

हा पुरुष खरोखर कर्तबगार होता, ह्यांत शंका नाहीं. तरुणपणीं त्यानें कलनगणितावर ग्रंथ लिहिला; कॅनडांतील लढायांत सेनापति माँकाम ह्याच्या हाताखालीं काम केलें; आणि पुढें अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत तो फ्रेंच आरमारांतून लढला. नेपोलियनच्या अमदानींत त्याला उमरावपद मिळालें आणि १८११ सालीं तो वारला. १७६६ च्या अखेरीस ‘बूदूझ’ हें जहाज घेऊन तो निघाला. मागाहून १७६७ च्या आरंभीं ‘एत्वाल’ नांवाचें दुसरें जहाज सामानसुमान घेऊन रवाना झालें. ह्या दुसऱ्या जहाजावर फिलिबेर कॉमर्सन हा राजाज्ञेनें नेमलेला वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि त्याच्याबरोबर त्याचा एक नोकर होता. ह्या नोकराचें नांव पुस्तकीं ‘झाँ बारे’ असें लिहिलेलें होतें.

आणि येथेंच आपल्या कथेचें खरें फूल सांपडतें. कारण हा नोकर पुरुष नव्हता. ती झान बारे नांवाची स्त्री होती. तिचा जन्म १७४० सालीं फ्रान्समधील बर्गंडी प्रांतांत ला कोमेल ह्या खेड्यांत, गरीब कुटुंबांत झाला. कॉमर्सनच्या घरीं ती कामास राहिली आणि त्याची सहकारी झाली. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रियांना पाय ठेवण्याची बंदी होती. म्हणून तिनें पुरुषाचा पोषाख केला, आणि ती जहाजावर चढली.

१७६७ च्या जून महिन्यांत दोन्ही जहाजें ब्राझीलच्या रिओ द जानेरो बंदरांत एकत्र आलीं आणि जुलैच्या मध्यापर्यंत तेथें राहिलीं. ह्या मुक्कामांत रिओच्या परिसरांत ही रंगीत वेल प्रथम युरोपीय वनस्पतिसंग्रहांत दाखल झाली. कॉमर्सननें तिला आपल्या नायकाचें नांव दिलें. सरकारी मोहिमेंत मोहिमेच्या प्रमुखाचें नांव नव्या वनस्पतीला देणें, हा त्या काळचा शिष्टाचारच होता.

पण त्या वेळीं कॉमर्सन पायाच्या चिघळलेल्या जखमेनें बेजार होता. रानावनांत हिंडणें, उन्हांत टेकड्या चढणें, कागदांच्या गठ्ठ्यांत फांद्या दाबून आणणें हीं कामें त्याला सहज होण्यासारखीं नव्हतीं. म्हणून बोगनवेलीची ती पहिली फांदी झान बारेनेंच तोडून आणली असावी, असा तर्क अलीकडच्या कांहीं अभ्यासकांनीं केला आहे. हा तर्कच आहे, तो पुरावा नव्हे, हें शिक्षकाच्या धर्मास स्मरून मला स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु संग्रहाचें ओझें तिनें वाहिलें, ह्याला मात्र खुद्द बुगँव्हिलचीच साक्ष आहे. मॅजेलनच्या सामुद्रधुनींतील बर्फाळ डोंगरांतून शिधा, हत्यारें आणि वनस्पतींचे गठ्ठे पाठीवर घेऊन ती कॉमर्सनमागून हिंडली, आणि तिच्या चिकाटीमुळें कॉमर्सन तिला आपलें ओझ्याचें जनावर म्हणे, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. ही स्तुति म्हणावी कीं निंदा, तें श्रोत्यांनीं ठरवावें.

बुगँव्हिलच्या वृत्तान्ताप्रमाणें १७६८ च्या एप्रिलांत ताहिती बेटावर तेथील लोकांनीं तिला स्त्री म्हणून तत्काळ ओळखलें. वर्ष-सव्वा वर्ष एकाच जहाजावर राहणाऱ्यांपैकीं कित्येकांस संशय होताच. पण बिंग फुटलें तें तेथें. बुगँव्हिलनें तिला शिक्षा केली नाहीं, हा त्याचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. त्याच वर्षाच्या अखेरीस जहाजें मॉरिशसला पोंचलीं. तें बेट तेव्हां फ्रेंचांच्या ताब्यांत होतें, आणि तेथील कारभारी पिएर प्वाव्र हा स्वतः मसाल्याच्या झाडांचा शोकी होता. कॉमर्सन व बारे तेथेंच उतरलीं आणि संशोधन करीत राहिलीं. बुगँव्हिल मात्र मार्च १७६९ मध्यें फ्रान्सला परतला, आणि १७७१ सालीं त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध होऊन सर्व युरोपांत त्याची कीर्ति पसरली.

कॉमर्सन १७७३ च्या मार्चांत मॉरिशसलाच वारला. त्याच्या मृत्यूची वार्ता पॅरिसला पोंचण्यापूर्वींच तेथील विज्ञान अकादमीनें त्याला सभासद निवडलें होतें. मानपत्र तयार, पण घेणारा नाहीं, अशी स्थिति झाली. झान बारे परक्या बेटावर एकटी उरली. १७७४ सालीं तिनें एका फ्रेंच शिपायाशीं विवाह केला, आणि १७७५ च्या सुमारास ती स्वदेशीं परतली. त्या क्षणीं तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. पृथ्वीला वळसा घालणारी ती पहिली ज्ञात स्त्री होय. पण तिच्या स्वागतास बंदरावर तोफा झाल्या नाहींत. १७८५ सालीं आरमार खात्यानें तिला असामान्य स्त्री म्हणून वर्षास दोनशें लिव्हरांचें निवृत्तिवेतन दिलें, एवढी दाद तिला मिळाली. १८०७ सालीं ती निवर्तली.

कॉमर्सनला तिचा सर्वस्वीं विसर पडला होता असें नाहीं. आपल्या कडुनिंबाच्या कुळांतील एका झुडपास त्यानें तिचें नांव देण्याचें योजिलें होतें. परंतु तें नांव शास्त्रांत टिकलें नाहीं. त्या वनस्पतीची गणना दुसऱ्याच वंशांत झाली. ज्या संग्रहावर तिनें हाडें झिजविलीं, त्या संग्रहांतील अनेक वनस्पतींना इतरांचीं नांवें मिळालीं, आणि तिच्या वांट्यास कांहींच आलें नाहीं. अखेर २०१२ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं इक्वेडोर व पेरू ह्या देशांत सांपडलेल्या, वांग्या-बटाट्याच्या वंशांतील एका वेलीला तिचें नांव दिलें. हा न्याय व्हावयास दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. आणि आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये : ब्राझीलच्या रानांत राहणाऱ्या मूळच्या लोकांना ही वेल फ्रेंच जहाजें येण्यापूर्वींपासून दिसतच होती. शोध लागला तो युरोपला लागला. वेल तेथें होतीच.

बोगनवेलीचें शास्त्रीय नांव छापून निघालें तें १७८९ सालीं, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षीं, आंत्वान लोराँ द जुस्यू ह्याच्या ग्रंथांत. आणि तेंही थोड्या चुकीच्या वर्णलेखनानें. तें वर्णलेखन शास्त्रज्ञांनीं रीतसर दुरुस्त करावयास विसावें शतक उजाडलें. दरम्यान तिच्या जाती वेगवेगळ्या ओळखण्यांत आल्या. लवदार पानांची व दणकट कांट्यांची एक, गुळगुळीत पानांची दुसरी, आणि पेरू देशांतील तिसरी, अशा तीन जाती बागाइतांत मुख्य ठरल्या.

मराठी माणसानें मात्र ह्या नांवाचें जें केलें तें मला फार आवडतें. ‘बुगँव्हिल’ ह्या फ्रेंच आडनांवाचा शेवटचा तुकडा त्याच्या कानाला ‘वेल’ असा ऐकूं आला. आणि वेल तर डोळ्यांपुढें होतीच ! म्हणून बोगनवेल. सरदाराचें आडनांव अर्धें विरघळलें आणि त्याच्या जागीं शकुंतलेच्या काळापासून चालत आलेली आपली लता येऊन बसली. भाषेनें परक्या वस्तूस आपलें करून घ्यावयाचें तें असें.

आतां ती हिंदुस्थानांत कशी आली तें पाहूं. ह्याकरितां कलकत्त्यास गेलें पाहिजे. तेथें १८२० सालीं विल्यम केरी ह्यानें शेती व बागाईत सुधारण्याकरितां एक संस्था स्थापिली. हा केरी मराठी वाचकांस अनोळखी नसावा. श्रीरामपूरच्या ह्याच मिशनऱ्यानें १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें, आणि १८१० सालीं मराठीचा कोश मोडी अक्षरांत प्रसिद्ध केला. त्याच्या संस्थेसारख्या संस्था, सरकारी वनस्पति-उद्यानें आणि हौशी अंमलदारांचे बगीचे ह्यांच्या द्वारें परदेशची कितीतरी फुलझाडें ह्या देशांत उतरलीं. बोगनवेलीची गुळगुळीत पानांची जात १८६० सालीं युरोपांतून हिंदुस्थानांत आली, असें बागाइतीच्या ग्रंथांतून सांगितलेलें असतें. पश्चिम हिंदुस्थानांतही अशा कामास वाहिलेली संस्था १८३० पासून होती. पुण्याचें एम्प्रेस गार्डन आजही तीच चालविते, आणि तेथील पुष्पप्रदर्शन पाहण्यास दर वर्षीं लोक दुरून येतात.

बंगल्यांतून ती स्टेशनांत गेली, स्टेशनांतून शाळांत आणि शाळांतून घरोघर. ह्या प्रसाराचें रहस्य तिच्या स्वभावांत आहे. तिला बी क्वचितच धरतें. पण फांदीपासून ती लागते. शेजाऱ्यानें छाटणी केली, त्यांतली हातभर काडी मागून आणली, पावसाच्या तोंडीं कुंपणाशीं खोंचली, कीं काम झालें. अशा वेलीला ना आगगाडीचें भाडें लागतें, ना सरहद्द आडवी येते. आमचा निलंगा तालुका पूर्वीं निजामाच्या राज्यांत, बिदर जिल्ह्यांत होता. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत हा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला; आणि ऑगस्ट १९८२ मध्यें लातूर जिल्हा झाला तेव्हां तो त्यांत आला. जमीन तीच राहिली, कागदोपत्रीं गांवाचा पत्ता मात्र बदलत गेला. मागून आणलेल्या काडीला ह्यांतील कोणत्याच सरहद्दीची अडचण नव्हती.

पुढें ह्या वेलीच्या इतिहासांत एक नवें प्रकरण सुरू झालें, आणि तेंही पाहणाऱ्याच्या नजरेचेंच आहे. १९१० सालीं कोलंबियांतील कार्ताहेना शहरांत त्रिनिदादच्या मिसेस बट नांवाच्या बाईंना किरमिजी रंगाची एक निराळीच वेल आढळली. ती दोन जातींच्या संकरांतून आपोआप उपजलेली होती. १९४४ सालीं हॉलटम व स्टँडली ह्या शास्त्रज्ञांनीं तिची रीतसर नोंद केली, आणि ह्या वेळीं मात्र जिनें पाहिली तिचेंच नांव वेलीला मिळालें. आज आपण बाजारांत लाल, शेंदरी, नारिंगी रंगांच्या ज्या वेली घेतों, त्यांतील पुष्कळशा ह्याच घराण्यांतल्या.

शिवाय बोगनवेलीला एक खोड आहे. जुन्या वेलीची एखादी फांदी अकस्मात् निराळा रंग घेऊन येते. शास्त्रांत ह्याला उत्परिवर्तन म्हणतात; साध्या भाषेंत सांगावयाचें तर एकच डोळा फिरतो. ती फांदी कोणाच्या लक्षांत आली नाहीं तर पुढल्या छाटणींत नाहींशी होते. लक्षांत आली आणि कलम करून जपली, तर नवा वाण होतो. कलकत्त्याच्या त्याच संस्थेच्या बागेंत १९४९ च्या सुमारास एका वेलीवर अशी फांदी आली, तिच्यावर पांढरे आणि जांभळे झुबके एकत्र दिसूं लागले, आणि ‘मेरी पामर’ हा जगप्रसिद्ध वाण जन्मास आला. भारताचें ह्या विषयांतील कार्य पाहून १९६६ सालीं जगांतील सर्व बोगनवेलींच्या वाणांची नोंद ठेवण्याचें काम दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेकडे सोंपविण्यांत आलें. ह्या संस्थेचे एके काळचे संचालक डॉ. बी. पी. पाल ह्यांनीं गव्हाच्या सुधारित वाणांचें मोठें काम केलें. तेच गुलाबाचे आणि बोगनवेलीचेही भोक्ते होते, आणि बोगनवेलीवर त्यांनीं सहकाऱ्यासह पुस्तकही लिहिलें. ब्राझीलची वेल, फ्रेंच नांव, आणि तिची जन्मनोंद दिल्लीस ! पण त्या नोंदवहींत चढलेल्या कित्येक वाणांची पहिली फांदी कोणा अनाम माळ्याच्या दृष्टीस पडलेली असणार, हें आपण ध्यानीं ठेवावें. रोज पाणी घालणाराच नवा रंग प्रथम पाहतो.

आतां आपल्या मुलुखाच्या दृष्टीनें दोन शब्द. मराठवाड्याची पाण्याची ओढ जगजाहीर आहे. १९७२ चा दुष्काळ माझ्या वयाच्या माणसांनीं लहानपणीं पाहिला. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातूर शहरास पाणी आणावें लागलें. पहिल्या फेरीस सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें होतें. ज्या जिल्ह्यानें पिण्याचें पाणी डब्यांतून येतांना पाहिलें, त्यानें दारच्या बागेला पाणी किती घालावें ह्याचा विचार करणें हें केवळ हौसेचें काम नव्हे. आणि ह्या बाबतींत बोगनवेल आपल्या उपयोगी पडते. कारण पाणी कमी झालें म्हणजे ती सुकत नाहीं, उलट फुलते. मूळ धरून एक-दोन वर्षांची झालेली वेल भर उन्हाळ्यांत आठवड्यास एखाद्या पाण्यावरही तग धरते. हमरस्त्यांच्या मधोमध तिच्या रांगा लावतात त्याचेंही हेंच कारण; शिवाय समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांचा झोत तिच्यामुळें डोळ्यांवर येत नाहीं.

लागवडीसंबंधीं थोडें सांगतों. आमच्याकडील काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते, आणि बोगनवेलीला साचलेलें पाणी मानवत नाहीं, मुळें कुजतात. म्हणून हात-दीड हात खोल खड्डा घेऊन तळाशीं विटांचे तुकडे किंवा मुरूम घालावा, आणि मातींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळावें. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व काडी जून-जुलैंत लावावी. जे वाण काडीपासून मुळें धरीत नाहींत त्यांचें गुटी कलम करावें किंवा डोळा भरावा. जागा भर उन्हाची हवी. दिवसांतून निदान पांच-सहा तास ऊन लागलें नाहीं तर नुसतीं पानें येतात. नत्रयुक्त खत अति झालें, तरीही तेंच. फुलें नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला कीं छाटणी करावी. आणि पाऊस संपल्यावर कांहीं दिवस पाणी तोडावें, म्हणजे वेल बहराला येते. तिला जुईप्रमाणें गुंडाळत चढण्याची कला नाहीं, किंवा कृष्णकमळासारखे तणावेही नाहींत. ती कांट्यांच्या आधारानें दुसऱ्यावर रेलते. म्हणून तिला मांडव द्यावा व फांद्या बांधाव्या. कांटे कडक असतात, कित्येकांच्या अंगास त्यांच्या ओरखड्यानें पुरळ उठतो. तेव्हां लहान मुलांच्या खेळण्याच्या जागीं ती लावूं नये.

तथापि एक विनंति आहे. बोगनवेल लावतांना जाई-जुई उपटूं नये. मधमाशीला आणि पांखरांना बागेंतल्या बोगनवेलीपासून फारसें कांहीं मिळत नाहीं, आणि सुगंध तर तिच्यापाशीं नाहींच. मोरीच्या पाण्यावर परसांत जुईचा वेल जगूं शकतो, आणि उन्हाच्या कुंपणावर बोगनवेल. दोघींच्या जागा निराळ्या आहेत, आणि दोघींनाही घरांत वाव आहे.

श्रोतेहो, शाळेंत मुलांना इतिहास शिकवितांना आपण त्यांजकडून नांवें व सनावळ्या पाठ करून घेतों. तें आवश्यकच आहे. परंतु नांव कोणाचें लागलें आणि काम कोणीं केलें, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, हेंही त्यांना शिकविलें पाहिजे. बोगनवेल हा त्याचा उत्तम पाठ आहे, आणि त्याकरितां ग्रंथालयांत जावें लागत नाहीं. ह्या उन्हाळ्यांत आपल्या घरच्या मुलाला किंवा नातीला कुंपणाजवळ न्यावें, एक झुबका तोडून तिच्या हातांत द्यावा, आणि ह्यांत फूल कोणतें तें शोधावयास सांगावें. तिला तें बारीक पांढरें फूल सांपडलें म्हणजे झान बारेची गोष्ट सांगावी. गोष्ट सांगावयास पांच मिनिटेंसुद्धां लागत नाहींत, आणि दोन शतकें जिचें नांव कोणी घेतलें नाहीं तिचें नांव मराठी घरांत एकदां तरी उच्चारलें जाईल.